विकत न घेतलेली भाजी

अड्याळचा बाजार उठत होता तेव्हा ती दिसली. एका भाजीवाल्या म्हातारीच्या ताडपत्रीचं टोक धरून उभी होती. अंगावर कॉलेजात शिकवणाऱ्या बाईची इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि हातात चिखलाची ताडपत्री. दोघींनी मिळून घडी घातली, म्हातारीने ओंजळभर मुळ्याचा पाला तिच्या पिशवीत कोंबला, आणि ही अशी खुशीत वळली की जणू पगारवाढ मिळाली. पगार तिला आता बरा आहे. भाजी विकत घेणं परवडतं. पण परवडणं आणि घेणं यांचा तिच्या लेखी काही संबंध नाही.

मी तिला ताई म्हणते. पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो तेव्हा तोंडावर सगळ्या मुली ताईच म्हणायच्या आणि पाठीमागे मुकादम. खोलीत कोणी कांदा किती जाड चिरायचा, कुकरची शिट्टी कोणी मोजायची, भांडी कोणाची, हे सगळं तिच्या तोंडच्या हुकमाने चालायचं. बुटकी, सावळी, तेल लावून घट्ट वेणी. रस्त्याने चालताना मान खाली. नवीन मुलींना वाटायचं, किती मर्यादशील पोरगी. मर्यादा कसली, ती कडेला काय खाण्यालायक उगवलंय ते बघत जायची.

मी भंडारा जिल्ह्यातल्या या अड्याळची. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. आईबाबा दोघंही दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जाणारे. मला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा फीचा जुगाड झाला, खोलीचा झाला, पण खाण्याचं काय, याचा विचारच कोणी केला नव्हता. तांदूळ घरचा होता, लाखोळीची डाळ घरची होती, एवढ्यावर माणूस जगतो असं आमच्या घरच्यांना वाटायचं. जगतोही. पण भातावर काय घ्यायचं, हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो, आणि पुण्यात त्याचं उत्तर फार महाग असतं.

पहिल्याच संध्याकाळी ताई मला मंडईत घेऊन गेली. मी वांग्यांचा भाव विचारायला तोंड उघडलं तर तिने माझा दंड चिमटला.

"भाव कायले विचारतेस?"

"मग घ्यायचं कसं?"

"ताडपत्री धरायची."

तिची पद्धत अशी होती. बाजार उठायच्या वेळेला जायचं. आवराआवर करणाऱ्या एखाद्या थकलेल्या बाईजवळ उभं राहायचं आणि काही न बोलता ताडपत्री धरायची, टोपली उचलून टेम्पोत ठेवायची. मागायचं काहीच नाही. बाई आपणहून फ्लॉवरचा पाला, नवलकोलाची पानं, एका बाजूने नरम पडलेले टमाटे, असं काहीतरी देतेच. फ्लॉवरचा पाला खातात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आम्ही तो बकरीला घालायचो.

"गड्डा खाणारे लोकं बेवकूफ," ती म्हणायची. "गड्ड्याले पैसे लागतात, चव तं पाल्यात असते."

मटारची सालंसुद्धा ती टाकू द्यायची नाही. आतला पापुद्रा सोलून भाजी करायला लावायची. ते सोलता सोलता माझी एक परीक्षा बुडेल की काय असं वाटायचं. पनीरचा मात्र तिला मनापासून राग. "पनीरले चव नसते, नुसती किंमत असते," म्हणायची. एक मुलगी वाढदिवसाला आम्हाला हॉटेलात घेऊन गेली, तिथे ताईने मेनू उघडला आणि जिराभातावर बोट ठेवून वेटरला विचारलं, "हा तांदूळ कुठला?"

"बासमती आहे, मॅडम."

"बासमती नाही. हा आमच्या भंडाऱ्याकडचा आहे. आमचाच तांदूळ, वरून जिरं टाकून आम्हालेच विकून राहिले तुम्ही."

वेटर हसला, पण ही हसली नाही. पोतं दाखवा म्हणाली. वाढदिवस ज्या मुलीचा होता ती टेबलाखाली जायला बघत होती. शेवटी आतून स्वयंपाकी खरंच रिकामं पोतं घेऊन आला. त्यावर ठसठशीत पंजाबचं नाव. ताईने पोतं उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पोतं पंजाबचं आहे. तांदळाचं कोणी सांगावं?" आणि शांतपणे जेवायला लागली.

पुण्यातल्या सगळ्या मठा-मंदिरांचं खाणं तिला पाठ होतं. गुरुवारी कुठे खिचडी, शनिवारी कुठे बुंदी, कुठल्या ठिकाणी पोटभर आणि कुठे नुसतं हातावर. मी आधी अडले. आमचं घर विहारात जाणारं. मी म्हटलं, "ताई, आमच्यात देव नाही."

"देव नसला तं नसला. भूक आहे ना? रांगेत कोणी देवाचं विचारत नाही, चप्पल काढली का तेवढं पाहते."

मात्र जेवून झालं की पदर खोचून ती मागे भांड्यांकडे जायची, आणि मलाही ओढायची. तिथल्या बायका नको नको म्हणायच्या, ही ऐकायची नाही. हा तिचा कायदाच होता. फुकट खायचं नाही, आणि विकतही खायचं नाही. या दोहोंच्या मधे जी जागा उरते तिथे ताईचा सगळा संसार मांडलेला होता.

आता गंमत अशी की, ही एवढी कडक शाकाहारी बाई ढिवराच्या घरची. आमच्याच भागातल्या आसगावच्या पुढे त्यांचं गाव. तिचे बाबा तलावात जाळं टाकतात, आजोबाही तेच करायचे. अंगणात तुळस असते तिथे यांच्याकडे जाळं वाळत असतं. अशा घरची मुलगी मासोळी खात नाही म्हणजे काय? मी विचारलं तर तिने सांगितलेलं कारण असं.

ती पुण्यात पहिल्यांदा खोली शोधत आली तेव्हा आमच्या घरमालकीणकाकूंनी दारातच विचारलं, "मासे-मटण खाता का? आमच्याकडे कांदा चालतो, लसूण चालतो, मासळी चालत नाही." कॉलेजजवळ त्याहून स्वस्त खोली नव्हती. ताई म्हणाली, "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही." त्या वेळी तिच्या बॅगेत आईने दिलेलं मासोळीचं लोणचं होतं. बॅग आत ठेवायच्या आधी तिने ते रस्त्यावरच्या कुत्र्याला घातलं, आणि त्या दिवसापासून मासोळी बंद.

"पण गावी गेल्यावर खायला काय हरकत आहे? तिथे काकू थोड्याच बघतात?"

"मंग ते खोटं झालं असतं ना."

"खोटंच होतं ते, ताई."

"बोलली तेव्हा होतं. आता नाही."

खोटं बोलायचं आणि मग घाम गाळून ते खरं करायचं, अशी तिची खोड. पावसाळ्यात आमच्या गल्लीमागच्या रिकाम्या प्लॉटवर तरोटा उगवायचा. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी होते. पुण्यात त्याला गवत म्हणतात. ती खुडत बसली असताना वॉचमन आला.

"मॅडम, इधर क्या कर रहे हो?"

"सर्वे," ही म्हणाली.

वॉचमन गेला. दुसरी कोणी असती तर हसून घरी आली असती. हिने वही काढली, प्लॉटवरचं झाडन् झाड मोजलं, दोन महिने मोजत राहिली, आणि 'शहरातील मोकळ्या जागांवरील वनस्पती' असा प्रकल्प करून कॉलेजात दिला. मार्कही चांगले पडले. वॉचमन छत्तीसगडचा निघाला. त्याने नंतर स्वतःच येऊन सांगितलं, "सर्वे-वर्वे ठीक है, ये तो चरोटा है। हमारे गाँव में खाते हैं।" मग दोघांनी प्लॉट वाटून घेतला, आंब्याच्या झाडाच्या अलीकडचा तिचा, पलीकडचा त्याचा.

पण मासोळीचं खोटं खरं करणं तिला महागात पडलं होतं. पहिल्या दिवाळीला ती गावी गेली. लेक येणार म्हणून बाबा पहाटेच तलावावर गेले, मरळ घेऊन आले. आईने रस्सा केला. ताटात वाढलं, आणि हिने वाटी बाजूला सरकवली. बाबांनी विचारलं, काहून? हिने सांगितलं, सोडली. ते स्वतःचंही ताट उचलून उठून गेले. तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नव्हते. भांडण नाही, ओरडणं नाही. बोलायचं असेल तर मधे कोणीतरी लागायचं. व्हिडिओ कॉलवर आई दिसायची आणि बाजूला बाबांचा फक्त गुडघा. गुडघ्याच्या दिशेने आवाज यायचा, "तिले सांग, पाणी पडलं." आई सांगायची, "बाबा म्हणतात पाणी पडलं." ही म्हणायची, "त्यांना सांग, ऐकलं." फोन ठेवल्यावर ती मटार जोरजोरात सोलायची. बापाने आपल्याशी एकदा नीट बोलावं, एवढंच तिला पाहिजे होतं. पण त्यासाठी मासोळी तोंडात घालायची तिची तयारी नव्हती.

यात भर घातली माझ्या आईने. मला पोचवायला आई पुण्याला आली तेव्हा कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं कसं म्हणून काकूंसाठी भेट घेऊन आली. आमच्याकडे मोठ्या माणसाला द्यायची भेट म्हणजे तलावातले वाळवलेले झिंगे, पुण्याकडची सुकट, निवडून, साफ करून, स्वच्छ फडक्यात बांधलेले. तिने ते गाठोडं काकूंच्या हातात दिलं. काकूंनी नाकाजवळ नेलं. माझी खोली मिळण्याआधीच गेली असं मला वाटलं.

ताई जिन्यावरून खाली आली. "काकू, ते गुलाबासाठी आहे. आमच्याकडचं खत."

काकूंच्या अंगणात गुलाबाच्या कुंड्या होत्या, सगळ्या खराट्यासारख्या. माझ्या आईने तोंड उघडलं, ताईने तिला पाण्याचा पेला दिला. काकूंनी गाठोडं कुंडीजवळ ठेवलं, आणि अर्थातच ताईला ते खोटं खरं करावं लागलं. दर रविवारी ती स्वतः माती उकरून झिंगे पुरायची. नाकाला रुमाल बांधून, कारण आता तिला तो वास सहन होत नव्हता. हिवाळ्यात त्या खराट्यांना अशी फुलं आली की शेजारच्या बायका फाटकापाशी थांबायला लागल्या. काकू म्हणाल्या, "अगं, ते तुमच्याकडचं खत संपलं. अजून मागव."

ताईने आईला फोन केला. "आई, काकू झिंगे मागून राहिल्या."

तिने एवढंच सांगितलं. पुढचं बाबांच्या गुडघ्याने आपलं आपण ठरवलं. लेक खात नाही, पण पुण्याची घरमालकीण आपले झिंगे मागून खाते, ही बातमी त्यांनी तलावाच्या पाळीवर, मच्छीमार सोसायटीत, पानठेल्यावर सगळीकडे पोचवली. दर महिन्याला गाठोडं यायला लागलं. झिंगे एकापेक्षा एक मोठे, सगळे एका मापाचे. आई सांगायची, "घरापुढच्या सपरीत बसून एकेक निवडतात. मले हात लावू देत नाही." ताई दरवेळी म्हणायची, पुढच्या फोनवर सांगते. पण पुढच्या फोनवर गुडघा थोडा जास्त दिसायचा, कधी कोपरही दिसायचं, आणि तिची हिंमत व्हायची नाही.

मग एका सकाळी आईचा फोन आला. मच्छीमार सोसायटीच्या लोकांचं पुण्याकडे कसलंसं प्रशिक्षण होतं. "बाबा येऊन राहिले. तुले भेटायले नाही म्हणत. काकूले भेटायले येतो म्हणतात."

मी म्हटलं, काकूंना आधी सांगून ठेवू, त्यांनी नुसतं 'छान लागले' म्हणावं.

"नाही," ती म्हणाली. "एकदा खोटं बोलली तं मासोळी गेली. आता बोलली तं बाप जाईल. आणि हे खोटं खरं कसं करू? काकूले झिंगे खाऊ घालू?"

बाबा आले ते वासासकट आले. पांढरा सदरा, पायात नवी चप्पल, काखेत गाठोडं. काकू नेमक्या अंगणात कुंड्यांपाशी बसलेल्या, हाताला माती, समोर मागच्या महिन्याचे झिंगे, आणि त्या ते खुरप्याने मातीत ढकलत होत्या. बाबा फाटकात थांबले. पाहत राहिले.

ताई माझ्या बाजूला होती. तिने एका दमात सांगून टाकलं, "बाबा, काकू झिंगे खात नाहीत, गुलाबाले टाकतात, मीच खत म्हणून सांगितलं होतं. काकू, ते खत नाही, ते खायचे झिंगे आहेत."

काकूंनी हात झटकले. "मला नाक आहे गं. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी खात नाही. गुलाबांनी काय खावं ते त्यांचं त्यांनी बघावं." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "या ना आत. तुमच्यामुळे फुललेत हे."

बाबा आत आले नाहीत. गुलाबाकडे पाहून ते मला म्हणाले, लेकीला नाही, "हिले सांग, मी मोठे मोठे निवडून पाठवत होतो. मातीतच टाकायचे होते तं चुरा पाठवला असता." आणि गाठोडं फाटकाजवळच्या कट्ट्यावर ठेवून वळले. "सांग तिले, जातो म्हणून."

ताईचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मुकादमकी सगळी उतरली होती. आता हा माणूस गेला तर गुडघासुद्धा दिसायचा नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं.

मी आडवी गेले. "बाबा, मी अड्याळची. तुम्ही माझ्या खोलीवरून उपाशी गेले तर माझी आई मला घरात घेणार नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "तुझ्या खोलीवर जेवतो. हिच्या नाही."

खोली एकच होती. स्वयंपाक ताईनेच केलेला होता. पण आमच्याकडच्या रुसव्याला एवढी पळवाट पुरते.

आम्ही तिघं खाली बसलो. मी मधे. गरम भात, लाखोळीचं वरण आणि कोचईच्या पानांची चिंच घातलेली आंबट भाजी. कोचई म्हणजे पुण्यातलं अळू. बाबांनी वरण-भाताचा घास घेतला, मग भाजीचा. मग थांबले.

"हिले विचार, हे पानं कितीले भेटले."

मी ताईकडे वळले. "ताई, बाबा विचारतात..."

"ऐकू येते मले. सांग त्यांना, विकत नाही आणले. मागच्या नाल्याच्या काठावरून आणले."

"पुण्यात?"

"पुण्यात."

ते चावत राहिले. खिडकीतल्या मटारच्या सालांकडे, दोरीवर वाळत घातलेल्या पाल्याच्या जुड्यांकडे त्यांची नजर फिरली. ही खोली त्यांनी आत्ता कुठे पाहिली.

"हिले विचार, कंद उपटला का पानंच कापले."

"सांग त्यांना, पानंच. मधलं कोवळं पान ठेवून."

बाबा मला म्हणाले, "आम्ही पण जाळ्यात लहान जीव आला तं पाण्यात वापस सोडतो. नाही सोडला तं पुढच्या साली काय खाणार? पण हिले मी हे कधी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नव्हतं," ताई भाताकडे बघत मला म्हणाली. "तलावात डोंग्यात बसवून न्यायचे तेव्हा पाहिलं होतं."

बाबांनी ताटातली भाजी बोटाने पुसून घेतली. मग ताट नुसतंच समोर ठेवून बसले. ताईने पातेलं पुढे ओढलं, डाव हातात घेतला, आणि सवयीने माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्यांना विचार, अजून भाजी घेतात का."

"तिले कायले विचारतेस?" बाबा तिच्याकडे बघून म्हणाले. "मी काय बहिरा आहो? वाढ."

तिने वाढलं. भाजी थोडी ताटाबाहेर सांडली, त्याबद्दलही ते तिलाच बोलले. मग तलाव यंदा किती भरला, तिच्या धाकट्या भावाचं लग्न कुठे जमतंय, नाल्याचं पाणी घाण असते म्हणून पानं दोनदा धूत जा, असं एकातून एक निघत गेलं. मी मधून उठले आणि माझं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसले. मागून पातेलं खरवडल्याचा आवाज आला. भाजी मला शेवटपर्यंत मिळालीच नाही. मी कोरडा भात खाल्ला.